फ्लॅशसाठी सेल कोणते घ्यावेत, रिचार्जेबल की साधे? नव्या फोटोग्राफरसाठी पहिल्या पायरीपासून

घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमधलं लग्न. स्वतःच्या नावावर घेतलेली माझी दुसरीच ऑर्डर. शेवटचं मंगलाष्टक संपलं, भटजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केलं आणि अंतरपाट बाजूला झाला. पहिली फ्रेम मिळाली. त्यात नवरीची मान अजून खाली आहे. मग तिने वर पाहिलं, दोघांच्या डोक्यावर अक्षता पडायला लागल्या, मी पुन्हा बटण दाबलं आणि फ्लॅश पेटलाच नाही. मागचा लाल दिवा विझलेला. सहा-सात सेकंदांनी तो लागला, तोवर नवरीने हार घालून झाला होता.

मधल्या चार फ्रेम काळ्या आल्या. वर्षं झाली, पण त्या मी अजून डिलीट केलेल्या नाहीत.

फ्लॅशमध्ये काही बिघाड नव्हता. त्यात होते सकाळी हॉलजवळच्या दुकानातून घेतलेले चार पेन्सिल सेल, पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्युटी’ लिहिलेले. नव्या कोऱ्या सेलांनी असा दगा का द्यावा, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतरही कोणी नीट बसवून सांगितलं नाही. आता ठाण्यात आणि नवी मुंबईत लग्नं, मुंजी, बारशी करताना नवीन मुलं-मुली मदतीला येतात. त्यांचा पहिला किंवा दुसरा प्रश्न हाच असतो: ताई, सेल कोणते घेऊ? त्यांना तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते.

आधी हे जवळ ठेवा

- फ्लॅशची माहितीपुस्तिका. हरवली असेल तर कंपनीच्या साइटवरून मोबाईलवर उतरवून घ्या.
- मोबाईलचं स्टॉपवॉच.
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला चालतो.
- पर्मनंट मार्कर.
- चार-चार सेलांच्या प्लॅस्टिकच्या डब्या, निदान तीन.
- सेल आणि चार्जरचं पक्कं बिल. वॉरंटीसाठी ते लागतं, आणि माल खोटा निघाला तर दुकानदारासमोर तेवढाच पुरावा असतो.

## १. तुमचा फ्लॅश काय खातो ते बघा

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या बहुतेक फ्लॅशना चार एए सेल लागतात. दुकानात ‘पेन्सिल सेल’ म्हणून मागतात ते हेच. एएए म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधले बारीक सेल, ते वेगळे. काही फ्लॅशमध्ये स्वतःचा लिथियम-आयन बॅटरी पॅक असतो, उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही८६० किंवा व्ही१. तुमच्याकडे तसा असेल तर या लेखातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. एक जादा पॅक घ्या आणि थेट नवव्या पायरीवर जा.

पुस्तिकेतलं ‘बॅटरी’ हे पान नीट वाचा. कुठल्या जातीचे सेल चालतात, कुठले चालत नाहीत, फुल पॉवरचे किती फ्लॅश मिळतात आणि दोन फ्लॅशमध्ये किती सेकंद जातात, हे सगळं तिथे असतं. ते सेकंद म्हणजे रिसायकल टाइम. सेल निवडताना मी सगळ्यात आधी तोच आकडा बघते. पाकिटावरचा एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती साठा मावतो तो आकडा, त्याच्या नंतर.

## २. रिसायकल म्हणजे काय, ते एकदा समजून घ्या

फ्लॅशची ट्यूब थेट सेलांवर पेटत नाही. चार सेलांचे पाच-सहा व्होल्ट फ्लॅशच्या आत वाढवून तीनशेच्या आसपास नेले जातात आणि एका कपॅसिटरमध्ये साठवले जातात. बटण दाबलं की तो साठा एका झटक्यात ट्यूबमधून जातो. कपॅसिटर रिकामा होतो आणि सेल तो पुन्हा भरायला घेतात. भरला की मागचा दिवा लागतो.

आपल्या सोसायटीची गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. खालच्या टाकीत भरपूर पाणी आहे, पण वर चढवणारा पाइप बारीक आहे. वरची टाकी भरणार, पण वेळ लावून. अल्कलाइन सेलांचं तसंच आहे. पाणी बरंच, पाइप बारीक. त्यांचा आतला विरोध जास्त असतो, त्यामुळे एकदम मोठा करंट मागितला की त्यांचा व्होल्टेज खाली बसतो आणि बरीच ऊर्जा सेल तापवण्यातच जाते. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपण ज्यांना नुसतं ‘रिचार्जेबल’ म्हणतो, त्यांचा पाइप रुंद असतो.

इथे प्रत्येक जण अडखळतो. साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, रिचार्जेबलवर १.२. मग १.२ वाला कमजोर नाही का? नाही. अल्कलाइनचे दीड व्होल्ट सेल नवा असताना आणि त्याच्यावर भार नसताना. फ्लॅशने करंट ओढायला घेतला की तो घसरतो आणि वापराबरोबर घसरतच राहतो. रिचार्जेबल सेल १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम बसतो. ही त्याची सवय लक्षात ठेवा, पुढे नवव्या पायरीत तिचं काम आहे.

## ३. सेलांच्या जाती ओळखा

झिंक-कार्बन. दुकानात सगळ्यात स्वस्त. घड्याळ, रिमोट, लहान टॉर्च यांच्यासाठी ठीक. यांच्याच पाकिटावर बहुधा ‘हेवी ड्युटी’ लिहिलेलं असतं. ते शब्द जुन्या काळातले आहेत, अल्कलाइनशी त्यांचा संबंध नाही. फ्लॅशमध्ये हे सेल घालूच नका, दहा मिनिटांच्या साखरपुड्यालाही नाही. सेल हातात घ्या आणि ‘अल्कलाइन’ हा शब्द शोधा. तो नसेल तर परत द्या.

अल्कलाइन. वापरून टाकायचे, पण फ्लॅशला चालणारे. सुरुवातीचे पंधरा-वीस फ्लॅश बरे जातात, मग दिवा लागायला उशीर होत जातो. पाकीट न फोडता कपाटात वर्षानुवर्षं टिकतात, कुठल्याही नाक्यावर मिळतात आणि चार्जर लागत नाही.

लिथियमचे वापरून टाकायचे सेल. महाग. वजनाला सगळ्यात हलके, एक साधारण १५ ग्रॅमचा, आणि कडाक्याच्या थंडीत चालतात. लडाखला चाललेल्या माणसाने त्यांचा विचार करावा. ठाण्याच्या हवेत त्या गुणाचा उपयोग नाही. शिवाय कॅननच्या काही फ्लॅशच्या पुस्तिकेत लिथियम एए वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण क्वचित प्रसंगी ते फार तापू शकतात. पुस्तिका विचारल्याशिवाय घालू नका.

निकेल-मेटल हायड्राइड. नियमित काम करणाऱ्यासाठी हेच. त्यातही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी आपोआप उतरतात. महिन्यापूर्वी भरून ठेवलेले सेल ऐन वेळी अर्धेमुर्धे निघतात, आणि ‘रिचार्जेबल बेभरवशाचे’ असं जे जुने फोटोग्राफर म्हणतात ते याच अनुभवातून. २००५ साली सान्योने एनेलूप आणले. ते पडून राहिले तरी फार हळू उतरतात. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात आणि इतर कंपन्यांचेही त्या प्रकारचे सेल निघाले आहेत. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं काहीतरी असतं. घ्यायचे तर हेच घ्या.

आता तीन सेल असे, की जे एएच्या आकाराचे दिसतात पण त्यांच्यापासून लांब राहायचं.

पहिला, १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल. आकार अगदी पेन्सिल सेलचा, पण एकाचाच व्होल्टेज ३.७. चार घातले की पावणेपंधरा व्होल्ट. फ्लॅश तिथेच जळेल. टॉर्चवाल्यांसाठी बनलेला हा सेल ऑनलाइन ‘एए साइज रिचार्जेबल’ म्हणून शोधात वर येतो. त्यामुळे व्होल्टेज वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका.

दुसरा, निकेल-झिंक. यावर १.६ व्होल्ट असतं, पण ताजा भरलेला सेल त्याच्याही वर असतो. रिसायकल झपाट्याने होतो म्हणून मोह पडतो. मात्र जास्त व्होल्टेज आणि जास्त गरमी फ्लॅशच्या सर्किटला सोसावी लागते.

तिसरा, यूएसबी केबलने चार्ज होणारा १.५ व्होल्टचा लिथियम सेल. याच्या आत एक छोटं सर्किट असतं, ते ३.७ चे १.५ करतं. फ्लॅशसारखा एकदम मोठा करंट मागणाऱ्या यंत्राला ते सर्किट पुरं पडेलच असं नाही, आणि संपतो तेव्हा काही न सांगता संपतो. माऊसला, खेळण्याला वापरा. फ्लॅशमध्ये मी घालत नाही.

## ४. कुणी काय घ्यावं

वर्षातून गणपती, दिवाळी आणि एखादं घरचं कार्य एवढाच फ्लॅश वापरणार असाल, तर चांगल्या अल्कलाइनचं एक पाकीट पुरे. चार्जरचा खर्च करू नका, फक्त काम झालं की सेल फ्लॅशमधून काढा.

महिन्यातून एकदा जरी पैसे घेऊन काम करत असाल तर रिचार्जेबल. हिशेब स्वतः करून बघा. दुकानात अल्कलाइनच्या चार सेलांचा भाव विचारा. एका लग्नाला असे किमान तीन संच जातात. आता बारा रिचार्जेबल सेल आणि चांगला चार्जर यांची बेरीज करा आणि तिला एका लग्नाच्या अल्कलाइन खर्चाने भागा. जेवढा भागाकार, तेवढ्या लग्नांत पैसे वसूल. पुढची सगळी लग्नं जवळपास फुकट, कारण एक संच भरायला लागणारी वीज महावितरणच्या बिलात दिसतही नाही.

रिचार्जेबल घेतले तरी एक अल्कलाइनचं न फोडलेलं पाकीट बॅगेत कायम असू द्या. ते संकटासाठी. नाक्यावर मिळेल त्या सेलावर विसंबायची वेळ येऊ नये म्हणून.

ट्रिगरचं वेगळं. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून दूरच्या फ्लॅशला पेटायचा इशारा देणारं यंत्र. तो फार थोडा करंट खातो, त्याला अल्कलाइन उत्तम चालतात. रिचार्जेबल घातले तर १.२ व्होल्टमुळे काही ट्रिगर भरलेली बॅटरीही अर्धी दाखवतात. तेवढ्याने घाबरू नका.

## ५. खरेदी

सेल चार, आठ, बारा असे चारच्या पटीत, एकाच वेळी, एकाच जातीचे घ्या.

एमएएचच्या आकड्याला भुलू नका. एए आकाराच्या निकेल सेलमध्ये साधारण २७०० च्या वर फारसं काही मावत नाही. ३२००, ३८०० लिहिलेलं दिसलं तर ते लेबल खोटं आहे असं समजून पुढे चला. एनेलूपमध्येही दोन प्रकार असतात. पांढरा, साधारण २००० चा, आणि काळा प्रो, साधारण २५०० चा. काळा जास्त वेळ चालतो, पण त्याचं आयुष्य बरंच कमी. कंपनीच्या आकड्यांनुसार पांढरा २१०० वेळा भरता येतो, काळा ५०० वेळा. प्रत्यक्षात तेवढे कधी मिळत नाहीत, पण प्रमाण खरं आहे. मी पांढरेच वापरते. दोन संच जास्त बाळगणं मला परवडतं.

बनावट मालाचं काय करायचं, तर काटा काढा. चांगला निकेल सेल २६-२७ ग्रॅम भरतो. मी एकदा सवलतीत स्वस्त मिळाले म्हणून चार सेल घेतले होते, वर ३८०० एमएएच छापलेलं. हातात घेतल्याबरोबर पोकळ वाटले. घरी पोहे मोजायच्या काट्यावर ठेवले: १७ ग्रॅम. शेजारी जुना पांढरा सेल ठेवला: २७. आत मालच नाही तर साठवणार कशात? दहाव्या फ्लॅशला ते थकले.

लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांकही बघा. रिचार्जेबल सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे.

ठाण्यात स्टेशन परिसरात आणि गोखले रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, वाशीतही आहेत. पण सुटा, पाकीट नसलेला सेल कुठूनच घेऊ नका. कॅमेऱ्याचं बाकी सामान घ्यायला फोर्टमध्ये, बोरा बाजार आणि डी. एन. रोडला जाणार असाल तर सेल तिथूनच आणा. तिथले दुकानदार रोज फोटोग्राफरांना माल देतात, त्यांना फ्लॅशसाठी म्हटलं की समजतं.

## ६. चार्जरवर कंजुषी नको

चांगले सेल आणि भिकार चार्जर ही जोडी मी फार पाहिली आहे. सेल सहा महिन्यांत मरतात आणि दोष सेलांना जातो.

चार्जर घेताना एक गोष्ट पक्की बघा: प्रत्येक सेलचा कप्पा स्वतंत्र आहे का. चार सेलांना चार दिवे असतील तर बहुधा आहे. दोनच दिवे असतील तर तो जोडीने चार्ज करतो. जोडीतला एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा पूर्ण रिकामा असेल तर एक जास्त शिजतो आणि दुसरा कच्चा राहतो. स्वतंत्र कप्प्यांचा चार्जर प्रत्येक सेल भरला की त्याचाच पुरवठा थांबवतो. निकेल सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, ते बारीकसं वळण चार्जर ओळखतो.

वेळेच्या हिशेबावर चालणारे साधे चार्जरही असतात. ते इतके तास झाले की बंद होतात, सेल भरला असो वा नसो. फार वेगाने, तासाभरात भरून देणारेही नकोत, कारण सेल तापतो आणि आयुष्य जातं. मी २००० च्या सेलसाठी ५०० मिलीअँपिअर ते एक अँपिअरच्या दरम्यानचा चार्जर वापरते. साधा हिशेब: सेलची क्षमता भागिले चार्जरचा करंट, त्यात थोडी भर. ५०० वर २००० चा सेल साडेचार-पाच तासांत भरतो.

चार्ज होताना सेल कोमट लागणं ठीक. बोट ठेवता येत नाही इतका गरम झाला तर सेल किंवा चार्जर, दोघांपैकी एकात गडबड आहे.

एक जुना सल्ला अजून फिरतो: सेल पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नका. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला. आताच्या सेलांना त्याची गरज नाही. अर्धे वापरलेले असतील तर बेलाशक चार्जरला लावा.

## ७. घरी स्टॉपवॉच लावून तपासा

ही पायरी बहुतेक जण टाळतात. अर्धा तास लागतो, पण पुढची धास्ती जाते.

सेल पूर्ण भरा. फ्लॅश मॅन्युअलवर, फुल पॉवरवर ठेवा आणि तोंड भिंतीकडे करा, माणसाच्या डोळ्यांकडे कधीच नाही. टेस्टचं बटण दाबा आणि दिवा पुन्हा लागेपर्यंतचे सेकंद मोजा. असे दहा वेळा, मधे थोडं थांबत. आकडा वहीत लिहा. मग तेच ताज्या अल्कलाइनवर करा.

माझ्या फ्लॅशवर पांढऱ्या रिचार्जेबलने तीन सेकंदांच्या आसपास दिवा लागतो आणि दहाव्या वेळीही तेवढाच. अल्कलाइनवर सुरुवात चारच्या पुढे, आणि वापरत गेलं की सहा, आठ, दहा. दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की कुणाचं मत विचारावं लागत नाही.

सलग पन्नास वेळा फुल पॉवर मारून बघू नका. फ्लॅश तापतो. किती फ्लॅशनंतर थांबायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

## ८. संच बांधा आणि ते मोडू नका

मार्करने सेलांवर लिहा. मी पहिल्या संचाला क१, क२, क३, क४ असं लिहिते, दुसऱ्याला ख, आणि खाली खरेदीचा महिना. चौघं एकत्र चार्ज होतात, एकत्र वापरले जातात, एकत्रच निवृत्त होतात.

कारण असं: फ्लॅशमध्ये चार सेल एकामागोमाग जोडलेले असतात. तीन भरलेले आणि एक कमजोर असेल तर कमजोर आधी संपतो, पण बाकी तिघं करंट ढकलतच राहतात आणि त्या संपलेल्या सेलमध्ये उलटा व्होल्टेज तयार होतो. सेल खराब होतो, क्वचित गळतो. अल्कलाइन आणि रिचार्जेबल एकत्र घालण्यात तर हा धोका कैक पटीने जास्त. मदतनीस घाईत दोन-दोन करून भरतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

भरलेले सेल डबीत प्लसचं फुगीर टोक वर, संपलेले उलटे. ही खूण आमच्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. अंधाऱ्या हॉलमध्ये डबी उघडून नुसतं बोट फिरवलं तरी कळतं.

## ९. आदल्या रात्री आणि कार्यक्रमात

आदल्या संध्याकाळी सगळे संच चार्जरला. रात्री झोपताना लावून सकाळी काढायची सवय नको. चार्जरमधून काढताना मोजा: बारा लावले, बारा निघाले? एखादा कप्प्यात राहून जातो आणि हॉलवर पोहोचल्यावर डबीत तीनच सापडतात.

खिशात सुटे सेल ठेवू नका. किल्ली किंवा नाणं दोन्ही टोकांना लागलं की शॉर्ट होऊन चटका बसतो. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने नेरूळला, बेलापूरला सामान घेऊन जाते. गर्दीत बॅग दाबली जाते, त्यामुळे सेल डबीतच. विमानाने गोव्याला वगैरे काम असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत ठेवाव्या लागतात, चेक-इनच्या नाही.

आता मुख्य गोष्ट. रिचार्जेबल सेल शेवटपर्यंत चांगले चालतात आणि मग एकदम बसतात, हे दुसऱ्या पायरीत सांगितलं. म्हणून ते बसायची वाट बघू नका. गोडॉक्सच्या टीटी६८५ ला २५०० च्या सेलांवर फुल पॉवरचे साधारण २३० फ्लॅश मिळतात असं कंपनी सांगते. पाव पॉवरवर काम केलंत तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे आकड्यांनी बघितलं तर एका संचात अख्खं लग्न निघेल. तरीही मी मुहूर्ताच्या पंधरा मिनिटं आधी संच बदलते. जुन्या संचात किती उरलंय ते बघतही नाही. नवरी बोहल्यावर यायच्या आधी मामा तिला आणायला जातात, ती माझी वेळ. पुढे रिसेप्शन सुरू होण्याआधी पुन्हा एकदा. काढलेला अर्धा संच फॅमिली फोटोंच्या रांगेला चालतो, तिथे दोन सेकंद जास्त गेले तरी कुणाचं काही निसटत नाही.

सेलांवरचा भार तुम्ही कॅमेऱ्यातूनही कमी करू शकता. आयएसओ ४०० वर छताला बाउन्स करून, म्हणजे उजेड छतावर मारून खाली परतवून, फुल पॉवर लागत असेल तर १६०० वर पाव पॉवर पुरते. रिसायकलही त्याच प्रमाणात लवकर. आताच्या कॅमेऱ्यांना १६०० काहीच नाही. हॉलचं छत उंच किंवा गडद रंगाचं असेल तर बाउन्सचा हट्ट सोडा. तो उजेड वाटेतच संपतो आणि सेल उगाच रिकामे होतात.

सलग फ्लॅश मारल्यानंतर सेलचं झाकण उघडताना जपून. सेल चांगलेच तापलेले असतात. गरम संच लगेच चार्जरला लावू नका, गार होऊ द्या.

आणि सेल बदलून झाले की एकदा टेस्टचं बटण दाबून दिवा बघा. एक सेल उलटा बसला तर फ्लॅश सुरूच होत नाही, आणि ते मुहूर्ताला कळून उपयोग नाही.

## १०. पावसाळा आणि गळती

जून ते सप्टेंबर ठाण्याची हवा ओली असते. खाडीजवळ राहणाऱ्यांना जास्तच जाणवते. फ्लॅशमधल्या धातूच्या पट्ट्यांवर आणि सेलांच्या टोकांवर बारीक थर बसतो आणि रिसायकल मंदावतो. सेल चांगले, चार्ज पूर्ण, तरी दिवा उशिरा लागतोय, असं झालं तर आधी कोरड्या सुती कापडाने टोकं पुसून बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. फ्लॅश, सेल सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

काम नसेल तेव्हा फ्लॅशमध्ये सेल ठेवू नका, अल्कलाइन तर नाहीच. ते विसरले गेले की गळतात. पट्ट्यांवर पांढरी-हिरवट पूड दिसली तर हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा आणि मग कोरडं करा. गळलेला पदार्थ अल्कली असतो, आंबटाने तो निवतो. द्रव आत ओघळू देऊ नका. मात्र यासाठी फ्लॅशचे स्क्रू कधीही उघडू नका. सेल काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये बराच वेळ तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

उन्हाळ्यात हॉलच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडीत सेल ठेवून जाऊ नका. गरमीने ते लवकर उतरतात आणि लवकर म्हातारे होतात.

## ११. संच निवृत्त कधी करायचा

सातव्या पायरीत वहीत लिहिलेला आकडा इथे कामाला येतो. दर सहा महिन्यांनी तीच चाचणी करा. तीन सेकंदांचे साडेचार-पाच झाले की तो संच लग्नाच्या कामातून काढा. दुसरी खूण म्हणजे चार्जरवर एखादा सेल इतरांपेक्षा फारच लवकर ‘भरला’ असं दाखवायला लागतो. तो भरलेला नसतो, त्याची क्षमता गेलेली असते.

काढलेले सेल लगेच टाकायची गरज नाही. माझा २०१९ चा क संच आता घरातल्या टॉर्चमध्ये आहे. फ्लॅशमध्ये थकलेले अल्कलाइनही भिंतीवरच्या घड्याळात कितीतरी महिने चालतात, कारण घड्याळाला करंट लागतोच किती. आमच्या घरच्या हॉलमधलं घड्याळ गेली काही वर्षं लग्नांतल्या उरलेल्या सेलांवर चालू आहे.

अगदीच संपले की ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. पाकिटावर काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं ते याचसाठी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना चिकटपट्टी लावून एका प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा, आणि बरणी भरली की अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. माझी बरणी वर्षाला एकदा भरते. अल्कलाइनवर काम करत होते तेव्हा ती दोन महिन्यांत भरली असती.